त्रेपन्न अंशांचे मास्तर

तिरोडकर मास्तर मासळीबाजारात आले की आधी मान वाकडी करीत. मग काखेतला पत्र्याचा डबा डोळ्याला लावून बांगड्यांकडे तिरकं बघत आणि डब्याच्या तोंडाची काळी काच हळूहळू फिरवीत. विकणारी बाई एव्हाना कंटाळलेली असे.

"मास्तरानू, बांगडे घेतल्यात काय फोटो काढतल्यात?"

"चकाकी काढून बघतंय. चकाकी लबाड आसता."

आणि न घेताच पुढे जात.

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत, मी मराठी. बोटीवर नोकरीला लागलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना विलायती काळा चष्मा आणून दिला होता. मास्तरांनी तो एकदाही नाकावर ठेवला नाही. त्याची काच काढून डब्याला बसवली आणि भोवती कोनाचे अंश आखले.

"उजेड चारी अंगांनी नाचत येता," ते समजावून सांगत. "पाण्यार आपटलो की आडवो पडता. त्या आडव्याक दारातच अडवूचो, मगे तळ दिसता."

पाण्याकडे त्रेपन्न अंश तिरकं बघितलं की ही युक्ती उत्तम साधते, हे ते भेटेल त्याला सांगत. हेडमास्तर त्यांना तोंडावर "त्रेपन्न" म्हणून हाक मारीत. ते ओ देत.

लग्न केलेलं नव्हतं. रविवारी आमच्याकडे जेवत. एकदा त्यांनी सोलकढीलाही डबा लावला, तेव्हा माझी वहिनी म्हणाली, "तळाक काय्येक नाय हां. पिया गप."

माझा थोरला भाऊ तांडेल होता, होडीचं सुकाणू त्याच्या हाती. सकाळी नऊ-दहाला होड्या मासळी घेऊन परततात तेव्हा ऊन समोर असतं. सगळं पाणी कल्हई केल्यासारखं होतं आणि बंदराच्या तोंडाशी बुडालेले खडक दिसत नाहीत. मास्तरांनी चष्म्याची उरलेली काच लावून दादासाठी दुसरा डबा केला. काळ्या काचेवर खारं पाणी उडू नये म्हणून पुढे साधी काच, सुकाणूजवळ बांधायला पट्टी. सहा महिने त्यात गेले. अठ्ठावन्न सालची गोष्ट.

नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली. वहिनीने डब्याचीही केली. नव्या वस्तूच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं. डब्याचं कपाळ म्हणजे समोरची काच. तिने बोटं भिजवून भरपूर लावलं. मास्तर आणि मी तेव्हा ओट्यावर बसून करंज्या खात होतो.

तिसऱ्या दिवशी होडी खडकावर फुटली. बाकीचे पोहून आले. दादाला दुपारी आणलं.

दादाच्या होडीवरचा पांडगो खलाशी वाळूत बसला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "डब्यातसून बघूक नाय तेना?"

"बघल्यान. काचेर कुंकू सुकलेला. मी म्हटलंय, पुसतंय. तर तांडेल हसलो. म्हणता, तिना लायलेला कुंकू पुसूचा नाय रे, अशेच जावया."

मास्तर त्याच्याजवळ वाळूत बसले. मग पांडग्याचा दंड धरून म्हणाले, "ह्या कोणाक सांगूचा नाय. तिका तर नायच." माझ्याकडेही बघितलं.

संध्याकाळी ते आमच्या दारासमोरच्या खळ्यात उभे राहिले, गावासमोर.

"वयनी, माजी चूक. काच आडवी बसवलंय. उभी होई होती."

वहिनी पुढे आली. "माझ्या घोवाक तुमी मारलात," ती म्हणाली. मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर त्यांना कुणी होडीवर घेतलं नाही. पोरं फळ्यावर बुडती होडी काढून ठेवीत. ते ती पुसून धडा सुरू करीत. वहिनी वाटेत भेटली तर थुंकत असे. ते बाजूला होऊन तिला वाट देत.

पुढे सात वर्षांनी ते आजारी पडले. मी पेज घेऊन जात असे. एकदा म्हणाले, "तिका सांगलंस नाय मां?"

"नाय."

"बरां केलंस. तिना पूजा केल्यान. चूक खंय आसा त्यात?"

ते गेले त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होती. मी सांगितलं.

"देवान बघल्यान," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढलं.

मी तिच्याशेजारी बसलो आणि खडे वेचू लागलो. आज वहिनीचा तेरावा झाला, म्हणून हे लिहिलं.