गच्चीवरचं शिखर

सर्रर्र. दुपारच्या शांततेत तंबूच्या पिशवीची चेन उघडली, आणि आमचं बटण कूस बदलून पुन्हा झोपलं. बटण म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. ती झोपली की जो वेळ हाती लागतो तेवढाच माझा. सासूबाईंना तिच्यापाशी बसवलं आणि मी तंबू घेऊन गच्चीवर सटकले.

हिवाळ्यात बर्फाच्या शिखरावर मुक्काम कसा करावा, हे मला कुणी शिकवू नये. दोनदा केलाय! लग्नाआधी. शुक्रवारी गिर्यारोहणातली जुनी मंडळी पुन्हा निघणार होती, आणि बटणानंतर मी पहिल्यांदाच जाणार होते. अडसर एकच, नवरा. तो विमा कंपनीत लोकांचे धोके मोजतो आणि ती खोड घरीही आणतो. तेव्हा वारा होता का? नव्हता. तंबू कुणी बांधला होता? म्होरक्यानं. मग तू काय केलंस?

"झोपले," मी म्हणाले. "पण छान झोपले."

शेवटी ठरलं, तंबू मी एकटीनं गच्चीवर उभारायचा. संध्याकाळच्या वाऱ्यात टिकला, तर खुशाल जा.

शिखरावर गोठलेल्या जमिनीत खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दोऱ्या दगडांना बांधतात. मी कुंड्यांना बांधल्या आणि जरा आत पडले. सगळं पिवळं, लिंबाच्या पोटात निजल्यासारखं. कापड संथ श्वास घेत होतं. हळूहळू गच्ची वर वर निघाली. रस्ते, दुकानं, दोरीवरचे कपडे, सगळं ढगांखाली गेलं. मग खालून बटणाची हाक आली, आणि मी जिना उतरून पृथ्वीवर आले.

संध्याकाळी वारा असा सुटला की टाकीचं झाकण थडथडायला लागलं. नवरा कामावरून आला, त्याला तसाच वर नेला, बटण माझ्या कडेवर. तंबू ढिम्म! मी गाठी कशा माराव्यात यावर भाषण ठोकलं. त्यानं खांब धरून हलवून पाहिला.

"मानलं तुला," तो म्हणाला. "जा तू."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तंबूची चेन आतून उघडली आणि मटारचं पातेलं घेऊन सासूबाई बाहेर आल्या. बटण उठल्यापासून त्या आतच सोलत बसल्या होत्या म्हणे. "किती उबदार आहे गं. वारा म्हणून लागत नाही."

त्या दोन पावलं पुढे आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ तंबूही उठला. गाठी एकेक करून अलगद सुटल्या. कुंड्या जागच्या जागी. तंबू कठडा ओलांडून मावळत्या उजेडात तरंगत गेला, अगदी सावकाश, आणि समोरच्या इमारतीच्या टाकीवर जाऊन टेकला. इतका सुंदर दिसला की मी टाळीच वाजवणार होते.

नवरा हसला नाही. तेच जास्त लागलं.

"या शुक्रवारी नको," मीच म्हटलं. "आधी वाऱ्यात गाठ मारायला शिकते."

बटणानं माझ्या गालावर हात ठेवला. तिला माझी दया आली असावी.

"आई, तू आजीएवढी जड कधी होणार?"