कोठीचा कमरपट्टा

शिल्पाने गव्हाच्या कोठीला टेप गुंडाळली, आकडा वाचला, मग स्वतःच्या कमरेखाली गुंडाळली आणि पुन्हा वाचला. दोन्ही घेर अगदी सारखे. सकाळपासून ती स्वयंपाकघरात टेप घेऊन फिरत होती. गॅसचं सिलिंडर बारीक निघालं म्हणून तिला वाईट वाटलं, पाण्याचं पिंप जाड निघालं म्हणून बरं वाटलं. कोठीत घरादाराचे गहू मावतात, ही गोष्ट मात्र तिने मनाला लावून घेतली नाही. मनाला लावून घ्यायला सध्या दुसरं पुष्कळ होतं.

शिल्पा नांदेडला पोस्टात काउंटरवर बसते. बसून बसून तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, कंबर हलती ठेवा. कशी, ते काही बोलले नाहीत. मैत्रिणीच्या नादाने ती पंचशीला मॅडमच्या क्लासला जाऊ लागली आणि तिथे शिकवतात त्याला बेली डान्स म्हणतात हे कळेपर्यंत तिची कंबर दुखायची थांबलीसुद्धा होती. घरी तिने 'योगा' म्हणून सांगितलं. योगा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

आता क्लासचा कार्यक्रम ठरला होता. फक्त बायकांसाठी, पण चांगला सभागृहात, आणि शिल्पा पहिल्या ओळीत. चोळी नि घेरदार स्कर्ट तयार मिळाला. राहिला तो कमरेवरचा लायक्राचा हिरवा पट्टा. त्यावर प्रत्येकीने घरी हाताने मणी लावायचे होते. मॅडमनी बजावलं होतं, "कपडा ताणणारा आहे. पसरून लावाल तर घातल्यावर सगळे दोरे तटातट तुटतील. आपल्या घेराच्या कशावर तरी चढवून ताणून घ्या, आणि एकेक मणी सुटा लावा."

घाबरण्यासारखं यात काही नव्हतं, घरात केवळाबाई नसत्या तर. केवळाबाई म्हणजे शिल्पाच्या सासूबाई. टीव्हीवर कुणी कंबर हलवली की त्या रिमोट शोधत, आणि सापडेपर्यंत डोळ्यांवर पदर घेत. त्यांनी आपल्याला नाचताना बघितलं तर, या एका विचाराने शिल्पाला पोस्टात शिक्का मारतानाही धडधडायचं. नवऱ्याला, शिवशंकरला, सगळं ठाऊक होतं. तो तिच्याहून जास्त घाबरलेला होता.

"आईला कळलं तर माझं नाव घिऊ नको," एवढीच मदत त्याने देऊ केली होती.

केवळाबाई बिलोलीला माहेरी गेल्या होत्या. तेवढ्यात काम उरकू म्हणून शिल्पाने पट्टा कोठीवर चढवला. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून ओढून खाली घेतला आणि कोठीपुढे मांडी घालून मणी लावायला बसली. पहिली ओळ पुरी होते न होते तोच दारात पिशवी आपटल्याचा आवाज झाला.

"बस लवकर भेटली," म्हणत केवळाबाई आत आल्या आणि जागीच थांबल्या. "शिल्पा! कोठीला काय नेसवून राहिलीस?"

शिल्पाने सुई कोठीवरच्या पट्ट्यात खोचली. खरं बोलायची सोय नव्हती आणि खोटं काही सुचत नव्हतं. समोर भिंतीवर साक्षीची लग्नपत्रिका लावलेली होती. साक्षी म्हणजे तिच्या नणंदेची मुलगी, लातूरची. लग्न आठवड्यावर आलेलं.

"रुखवताचं हाय, आत्या," शिल्पा म्हणाली. "साक्षीच्या."

हे एक वाक्य तिने गिळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. कारण सगळ्या भावकीत रुखवत हे केवळाबाईंचं खातं होतं. मण्यांचे मोर, मण्यांचं तुळशीवृंदावन, मण्यांनी मढवलेला नारळ, काय विचाराल ते त्यांनी केलं होतं. त्यांनी कोठीभोवती एक फेरी मारली. डोळे भरून आले.

"कोठीला कपडे! लई लग्नं बघितली, पन हे कुनाला सुचलं न्हाई. अन तू एकटी करून राहिलीस व्हय? सरक तिकडं."

त्यांनी चष्मा लावला, मणी परातीत ओतले आणि तंगुसाचं रीळ काढलं. तंगूस, म्हणजे मासे पकडायचा तो नायलॉनचा दोरा. तो हाताने तुटत नाही, दाताने तुटत नाही आणि तसूभर ताणत नाही. त्यांनी एकाच दोऱ्यात ओळीने मणी ओवून कोठीभोवती गच्च वेढे द्यायला सुरुवात केली. प्रत्येक गाठ ओढताना त्या दातओठ खात.

"आत्या, जरा सैल ठिवा की," शिल्पा कळवळून म्हणाली.

"सैल? येडी का खुळी? नवऱ्याकडच्या बाया रुखवत नुसतं बघत न्हाईत, बोट घालून वढून बघतेत. एक मनी हातात आला तर इज्जत जाईल आपली!"

शिल्पा रोज पोस्टातून घरी येई तेव्हा पट्ट्यावर नवी नक्षी चढलेली असे. वेली आल्या, मोर आले. पट्टा दिसायला इतका सुंदर झाला की तिला रडू येई. शेवटी तिने मनाशी ठरवलं: लग्नाला जायच्या आदल्या दिवशी पट्टा हळूच काढायचा आणि उंदरांनी कुरतडला म्हणून सांगायचं. पण त्या दिवशी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात कोठीच्या जागी फरशीवर नुसता गोल डाग होता.

"कोठी कुठंय?"

"टेम्पोत घालून लातूरला धाडली," केवळाबाई समाधानाने म्हणाल्या. "नुसतं कव्हर कोन देतंय? कोठीसकट दिली. गव्हासकट. रिकामं भांडं लेकीला देत न्हाईत."

शिल्पाने मोरीत जाऊन पंचशीला मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, दुसरा पट्टा आता रविवारच्या कार्यक्रमापर्यंत होणं नाही, आणि पट्ट्याशिवाय पहिल्या ओळीत उभं करता येणार नाही. नाहीतर मागे पडदा ओढायला ये.

लातूरच्या मंगल कार्यालयात रुखवताच्या मधोमध कोठी उभी होती. तिच्यावर दिव्यांची माळ सोडलेली. बायका तिच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. आपल्या कमरेशी अनोळखी बायका लगट करताहेत असं शिल्पाला वाटत राहिलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, रुखवताकडची गर्दी पांगली, तशी ती कोठीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी पट्टा वर ओढू लागली.

पट्टा कड्यांपर्यंत आला आणि अडकला. चढवताना तो ताणला होता. आता तंगुसाने त्याला ताणू दिलं नाही. शिल्पाने गुडघा लावला, दम कोंडला, कोपरापर्यंत हात आत घातले. मग हातही अडकले.

"काय चाललंय?"

नवऱ्या मुलाची आई, रुद्राणीबाई, समोर उभ्या होत्या. निलंग्याला शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेबाहेरही त्याच होत्या. नव्या सोयरिकीतली बाई रुखवताच्या कोठीत हात घालून बसलेली त्यांनी नीट न्याहाळली. पळायची सोय नसल्यामुळे शिल्पाच्या तोंडून सगळं खरं बाहेर पडलं. कंबर, डॉक्टर, योगा, बेली डान्स, कोठी, तंगूस, रविवार.

"साक्षीला काही बोलू नका हो ताई. तिची यात काहीच चूक न्हाई. माझंच डोकं चाललं न्हाई."

रुद्राणीबाईंनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पण कंबर दुखायची राहिली का?"

"राहिली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

रुद्राणीबाईंनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "मग घेऊन जा. वरून निघणार नाही, खालून काढावा लागेल. कोठी उचलायला माणसं पाहिजेत." आणि त्यांनी हाक मारली, "मल्लिकार्जुन!"

मल्लिकार्जुन म्हणजे खुद्द नवरदेव. तो मुंडावळ्या सावरत आला. आईने सांगितलं ते करायचं, कारण विचारायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. शिवशंकरला जेवणातून उठवलं. दोघांनी गव्हाची कोठी कशीबशी अधांतरी उचलली. रुद्राणीबाईंनी शिल्पाचे हात सोडवले, आणि शिल्पा खाली बसून पट्टा खालच्या बाजूने ओढू लागली. पट्टा सुळकन निघाला आणि त्याच क्षणी दारात लाडवांचं ताट घेऊन केवळाबाई उभ्या राहिल्या.

"अगं बया! नवरदेवाला हमालीला लावलं?"

कोठी धाडकन खाली आली. शिवशंकर कोठीमागे दडून बसला, तो उठलाच नाही. केवळाबाईंनी नागड्या कोठीकडे बघितलं, मग सुनेच्या हातातल्या पट्ट्याकडे. शिल्पाला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"आत्या, हे कोठीचं न्हाई. माझं हाय. मी रविवारी ह्ये घालून नाचनार हाय. योगा म्हनून जात होते ते नाचच शिकून राहिले होते."

केवळाबाईंनी ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मग मला कोठी म्हनून का सांगितलं?" त्या ओरडल्या. "कोठी काय हलती का डुलती? म्हनून मी आवळून ओवलं! हलनाऱ्या बाईला कुनी असं ओवतंय व्हय? एका झटक्यात सगळे मनी मांडवभर हुतील. अन लोक म्हनतील, केवळाबाईचं काम हाय! चल, घालून दाखीव."

नवरीच्या खोलीत शिल्पाने पट्टा परकरावर चढवला. बसला अगदी मापात. केवळाबाई म्हणाल्या, "हल." शिल्पा हलली. पट्टा नाही हलला. तिने जरा जोर केला आणि तंगुसाची गाठ कडकन निसटून साक्षीच्या पायांपाशी मणी घरंगळत गेले.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते पाहिलेल्या बायका अजून सांगतात. केवळाबाईंनी सगळा पट्टा उसवायला घेतला. रुद्राणीबाई शेजारी बसल्या. दोन्ही बाजूंच्या बायकांनी सुया घेतल्या, पट्टा चौघींनी चार बाजूंनी ताणून धरला आणि एकेक मणी सुटा गाठत बसल्या. पाठवणीची वेळ झाली तेव्हा रडायला कुणी मोकळंच नव्हतं. साक्षीने सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि बायकांनी तिला तोंडातल्या सुया काढून आशीर्वाद दिले.

गाडीत बसताना केवळाबाई म्हणाल्या, "रविवारी मी येनार."

शिल्पाचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पट्टा मिळाला, भांडण टळलं. पण ज्याची वर्षभर धास्ती घेतली तेच आता होणार होतं. शनिवारी रात्री तिला जेवण गेलं नाही. रविवारी पडदा सरकला आणि पहिल्याच रांगेत, बरोबर समोर, केवळाबाई दिसल्या. शेजारी रुद्राणीबाई. केवळाबाईंच्या डोळ्यांवर पदर नव्हता. त्या खुर्चीच्या कडेवर पुढे झुकून शिल्पाच्या कमरेकडे टक लावून बघत होत्या, कपाळावर आठ्या घालून.

आता व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून शिल्पा नाचली. मॅडमनी शिकवलेलं सगळं तर केलंच, शिवाय भीतीने जे सुटलं तेही केलं. नाच संपला तेव्हा बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. रुद्राणीबाईंनी तर शिट्टी मारली, आणि ती आपण मारलीच नाही अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघितलं.

शिल्पा धापा टाकत खाली आली. सासूसमोर उभी राहिली.

"कसं झालं, आत्या?"

केवळाबाईंनी दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "एक बी मनी पडला न्हाई बाय! एक बी न्हाई!"

"अन नाच?"

"नाच?" केवळाबाई गोंधळल्या. "त्याच्याकडं कुठं ध्यान दिऊ? मी मनी बघून राहिले होते ना."

सासूच्या नजरेला पडू नये म्हणून जिने वर्षभर जिवाचं पाणी केलं, ती शिल्पा आता रिक्षात सासूकडे पाठ फिरवून बसली.

"आत्या," ती रुसून म्हणाली, "येवढी नाचले मी. एकदा तरी वर बघायचं की हो!"