गोळ्यांची रापण

मुलांनो, डोळे मिटा आणि असं समजा की तुम्ही आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर उभे आहात. होडीतून समुद्रात भलंमोठं जाळं टाकलंय आणि त्याचे दोर वाळूवर आलेत. या जाळ्याला रापण म्हणतात. सगळी वाडी मिळून ती ओढते. तिचा कायदा सोपा. ज्याचा हात दोराला लागला, त्याला माशांचा वाटा. मग तो म्हातारा असो, पाहुणा असो, नाहीतर शाळा बुडवून आलेला असो. हा कायदा नीट लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

आता डोळे उघडा.

मी जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झालो तरी वाडीतली पोरं रोज सकाळी पाट्या घेऊन आमच्या अंगणात बसत. त्रैराशिकात मालवण तालुक्यात मला तोड नव्हती. हे मी आज सांगत नाही. तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

नवे पैसे नुकतेच रुळले होते, तेव्हाची ही गोष्ट. मालवणच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि त्यांचाच चेहरा उतरला.

"मास्तर, रक्तदाब फार आहे. ही गोळी रोज घ्यायची, जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही. आणि मीठ, सुकी मासळी बंद."

मिठाचं दुःख मी गिळलं. गोळीची किंमत ऐकली तेव्हा मात्र दाब जागच्या जागी आणखी चढला असावा. माझ्या पेन्शनीत एकतर गोळी बसत होती, नाहीतर तांदूळ.

"मी पेजेवर ऱ्हवान," माझी बायको सावित्री म्हणाली, "पण गोळी चुकवूची नाय."

"आणि चुकली तर काय होता?" आमच्या नातीने, विमलने विचारलं. सावित्रीने तिच्या पाठीत हलकीशी चापट मारली. विमलने पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे फुटक्या होडीकडे बघावं तशी बघू लागली.

मग माझ्यातलं गणित जागं झालं. औषधवाला म्हणाला होता की कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे हजार गोळ्यांचा डबा मिळतो आणि गोळी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला पडते. पण अख्खा डबा घ्यायला हवा. डॉक्टरांनी हीच गोळी वाडीत आणखी दोघांना दिली होती. एक आबा तांडेल, पूर्वी गलबतावर होते ते. दुसरी मासे विकणारी हौसाबाई. तिघांनी मिळून डबा घ्यायचा! डॉक्टरांनी तशी चिठ्ठीही दिली.

"वाटो कसो करूचो, मास्तरानू?" आबांनी विचारलं.

अंगणात बरीच मंडळी जमली होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "रापणीच्या कायद्यानं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका न्यायी माणूस वाडीत दुसरा नाही, असं मला वाटलं.

डबा एसटीने फोंडाघाटातून मालवणात आला. उन्हात कोण जाणार, म्हणून मी घरीच बसलो. वाडीतल्या महादूने तो एसटीच्या टपावरून उतरवला. गुरुदासने आपल्या होडीतून खाडीपार आणला. झाकण निघेना, ते गंगाराम लोहाराने छिन्नीने उघडलं. मग मी चटईवर गोळ्यांचे तीन ढीग घातले, अगदी रापणीवर तारली माशांचे घालतात तसे.

महादू तिथेच उकिडवा बसला. "माझो खंय?"

"तुझा कसला?"

"टपावरसून डबो कोणी काढलो? माझो हात लागलो."

"आणि होडी कोणाची?" गुरुदास म्हणाला. गंगारामने नुसती छिन्नी वर केली. शेजारच्या गणपतने तर डबा किती जड आहे ते बघायला क्षणभर उचलला होता. तोही पंचा पसरून बसला.

"अरे, पण तुम्हाला रक्तदाब नाही!"

"आज नाय तर उद्या होयत," गणपत शांतपणे म्हणाला. "तवसर ठेवतलंव."

मी आशेने आबांकडे पाहिलं. आबांनी आयुष्यात रापणीचा कायदा मोडला नव्हता. स्वतःचा ढीग वितळत होता तरी ते म्हणाले, "कायदो तुमीच लावलास, मास्तरानू."

मग होडी ढकलणारे आले. दिवा लागेपर्यंत माझा वाटा वाटीच्या तळाशी गेला होता.

गणपतने गोळ्या ठेवल्या नाहीत, खाल्ल्या. सगळ्यांनीच खाल्ल्या. फुकटचं औषध वाया कोण घालवणार? दोन दिवसांत वाडीची नाकं चोंदली आणि डोळे मिटू लागले. गंगाराम घण वर उचलून तसाच पेंगत होता. डॉक्टर सायकल मारत आले आणि ओरडले ते माझ्यावर. "मास्तर, हे औषध आहे, तारली नव्हेत! ज्याचं त्यानंच घ्यायचं."

त्यांनी गोळ्या खाणं बंद करवलं. पण दिलेला वाटा परत मागायचा म्हणजे वाडीत तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून मी गुपचूप गोळीचे दोन तुकडे करून रोज एकच खाऊ लागलो. विमलने ते पाहिलं.

"आजोबा, अर्धी गोळी घेतली तर माणूस अर्धो जगता?"

अपूर्णांकांवरचं मला न आलेलं हे पहिलं उदाहरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एकही पोर नाही. सगळ्यांना घेऊन विमल किनाऱ्यावर गेली होती, रापण ओढायला. प्रत्येकाचा हात दोराला लागला, प्रत्येकाला वाटा मिळाला. मग टोपली घेऊन ती पलटण दारोदार फिरली. "तारले घेवा, गोळ्यो देवा!" परत मागणं नाही, सरळ अदलाबदल. चोंदल्या नाकाने आमटीचा वास येत नाही म्हणून वाडी आधीच वैतागली होती. लोकांनी पुरचुंड्या आनंदाने काढून दिल्या.

विमलने चटईवर पुन्हा तीन ढीग घातले. आबांचा, हौसाबाईचा आणि माझा. गोळ्यांना तारल्यांचा वास येत होता, पण माझे डोळे भरून आले. "शाबास! शेवटी शिष्या कुणाची?"

ती हलली नाही. मागे सगळी पोरं रांगेत उभी राहिली.

"आजोबा, आमचो हात लागलो."

"तुम्हाला गोळ्या कशाला गं?"

"गोळ्यो नको. सुट्टी. एकेकाच्या हातामागे एक दिवस."

मी मनात त्रैराशिक मांडलं. सुट्टी थेट शिमग्यापर्यंत जात होती. आपला ढीग न्यायला आलेल्या आबांकडे मी पाहिलं. आबा समुद्राकडे बघत होते.

विमलने पाटी पुसून कोनाड्यात ठेवली. मला पाण्याचा तांब्या आणि एक अख्खी गोळी दिली. मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली, "आ करा" म्हणून तोंडात डोकावून पाहिलं, आणि मग किनाऱ्याकडे धूम पळाली.