माणिकतात्यांची अक्षरओळख

पुण्यात एखादा लेखक वारला, की आमच्या केजात माणिकतात्या डोक्यावरून पाणी घ्यायचे. तिकडचं वर्तमानपत्र निजामाच्या मोगलाईत शिळं होऊन पोचायचं. तोवर त्या लेखकाचं तेरावंही उरकलेलं असे. तात्यांना त्याचं काही नाही. बातमी वाचली, की सदरा काढून थेट आडावर.

एकदा एका धनगरानं विचारलं, "तात्या, कोन गेलं?"

"कादंबरीकार व्हते."

"सोयरे का?"

"अक्षरओळख हाय आमची!" तात्या कुडकुडत गरजले.

तहसील कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. समोरचा भावानं बांध कोरल्याचं रडगाणं सांगत असला, तरी मध्येच थांबवायचे. "गप बे. आमच्या नाटककारांना पुण्यात मानपत्र मिळालं, ठावं हाय का?"

लोक वैतागत. वैतागत नसे ती फक्त त्यांची बायको, गंगाकाकू. काकूंना वाचता येत नव्हतं. पण कोणत्या कवीचं कोणाशी वाजलं, हे भाकरी थापता थापता त्या मन लावून ऐकत. "मंग त्यो काय म्हनला?" असं विचारत.

पुण्यात एका थोर लेखकाला सोन्याचं पदक देणार, अशी बातमी आली, तेव्हा काकूंनीच तात्यांना हट्टानं पुण्याला धाडलं. बार्शीपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. तात्या गेले.

ते तिकडं असतानाच गावात प्लेगाचे उंदीर मरून पडू लागले. आम्ही घरं सोडून शेतात झोपड्या घातल्या. काकूंना शेजारी म्हणून आम्हीच बरोबर नेलं. त्यांच्या काखेत गाठ आली, ताप चढला आणि बघता बघता त्या गेल्या. पोरबाळ नव्हतं. अग्नी मीच दिला.

तात्या परतले, तेव्हा गावाबाहेरच मी त्यांना अडवलं आणि काय झालं ते सांगितलं. ते रडले नाहीत. "कावून थांबली न्हाई?" एवढंच म्हणाले आणि माझ्या झोपडीपुढं येऊन मातीत बसले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तात्या, सभा कशी झाली?"

"पार मागं हुबा व्हतो. गर्दीत कायबी ऐकू आलं न्हाई. पदक बी दिसलं न्हाई."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"घरी काय सांगायचं, ते वाटंनं गाडीत बसून जुळवत आलतो," ते म्हणाले. "लई ब्येस जुळलं व्हतं."