बापूराव हात दाखवतात

कोल्हापूरच्या माणसाची गोष्ट म्हटलं की तुम्ही सरसावून बसणार. आता पैलवान येणार, शड्डू ठोकणार, तांब्याभर दूध एका दमात पिणार. तर आधीच सांगतो पावणं, तसलं काही नाही. आमचे बापूराव टोपी-छत्रीसकट तोलले तर ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढे. तांबडा रस्सा नुसता लांबनं दिसला तरी उचकी लागायची. तालमीवरनं जायची वेळ आली तर पलीकडच्या कडेनं जायचे, माती उडती म्हणून.

मग त्यांच्यात सांगण्यासारखं काय? तर बापूराव पायी चालताना हात दाखवायचे.

म्हणजे मोटारवाला दाखवतो तसा. उजवीकडं वळायचं असलं की उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ. डावीकडं वळायचं असलं की तोच हात गोल गोल, दही घुसळल्यागत. सावकाश व्हायचं असलं की हात खाली-वर, कोंबड्या हाकलल्यागत. आणि थांबायचं असलं की पंजा वर. रस्त्यावर मोटार नसू दे, सायकल नसू दे, कुत्रं झोपलेलं असू दे, हात दाखवल्याशिवाय वळायचं नाही.

तेव्हा संस्थान विलीन होऊन मुंबईचे कायदे आलेले. मी गारगोटीची शाळा मास्तरांच्या नकला करत करत संपवून कोल्हापुरात कापडाच्या दुकानात लागलो होतो आणि मंगळवार पेठेत मामाकडं राहत होतो. रोज काहीतरी नवीन निघायचं. सायकलीला दिवा पाहिजे, घंटी पाहिजे, डबलसीट बंद. डबलसीट बंद म्हणजे काय, पोलीस दिसला की बायको कॅरिअरवरनं उतरायची, नवरा एकटाच साळसूदासारखा पेडल मारत पुढं जायचा, आणि पोलिसाच्या पलीकडं ती परत चढायची. पोलीस तेवढा वेळ आभाळात बघायचा. टांग्याला दिव्याची सक्ती झाली तेव्हा आमच्या गल्लीतला टांगेवाला म्हणाला, "आता घोड्याच्या कपाळाला बी लावतो की एक, म्हंजे सरकार खूश!"

सगळ्या पेठेत कायदा मनावर घेतला तो एकट्या बापूरावांनी. मिरजकर तिकटीच्या चौकात पत्र्याचा एक बोर्ड लागला, त्याच्यावर हाताच्या खुणांची चित्रं होती. लोक त्या बोर्डाला सायकल टेकवायचे. बापूराव त्याच्यापुढं उभे राहून देवासमोर आरती ओवाळावी तसे हात हलवत होते. जन्म गेला होता जकात नाक्यावर बैलगाड्या अडवण्यात, तेव्हा हात तयारच होता.

तिकटीच्या पोलिसानं एकदा त्यांना धरलंच.

"ओ पावणं, तुम्ही मोटार हाय का?"

"न्हाय."

"सायकल?"

"न्हाय की."

"मग हात कुणाला दाखवताय? माझा अर्धा चौक तुंबलाय तुमच्यामुळं. हात दाखवायचा अधिकार चालकाला असतो."

"मी काय बसलोय व्हय? चालतोय की!"

पोलिसानं शिट्टी तोंडात घातली. असल्या वेळी बापूराव वर आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "रस्ता म्होरच्याचा नसतोय बाबा, मागच्याचा असतोय."

एकदा तर लग्नाच्या वरातीपुढं हे चाललेले. घराकडं वळताना यांनी सवयीनं हात फिरवला. बँडवाल्याला वाटलं, हे वधूपक्षाकडचे वाटाडे असणार. सगळी वरात, घोडा, नवरदेव आमच्या बंद गल्लीत. घोडा मागं सरकायला तयार नाही. नवरदेवाला शेवटी आमच्या मामानं चहा पाजला.

आता एवढा ऐवज दाराशी असल्यावर माझ्यासारख्यानं काय करावं? संध्याकाळी कट्ट्यावर माझा कार्यक्रम. बापूरावांचं ते अर्धं खोकणं, छत्री काखेत मारणं, डावा पाय जरा ओढत टाकणं आणि मग हात. पोरं लोळायची. 'बापूरावांची मोटार बंद पडली' याला तर दोनदा फर्माईश व्हायची.

त्यांच्या बायकोची, काकूंची मात्र नक्कल जमायची नाही, कारण काकू बोलायच्याच नाहीत. बापूराव पुढं आणि काकू चार हात मागं, पदर सावरत, नजर त्यांच्या पाठीवर. रीतच होती तेव्हा. नवरा-बायको शेजारी शेजारी चालले की लोक घरातनं बाहेर येऊन बघायचे. नळावर कुणी काकूंना हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. नुसत्या हसायच्या, तेही भलत्याच वेळी. बायका म्हणायच्या, "लई शिष्ट हाय. नाक्यावरच्या कारकुनाची बायको, पर तोरा राणीचा."

आणि एका पावसाळ्यात बापूराव पडले. रस्त्यावर नव्हे, घरच्या न्हाणीत. पाय मोडला. मी कट्ट्यावर म्हणालो, "न्हाणीत हात दाखवायचा राहिला असणार." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बापूरावांचा निरोप आला, त्या नकल्याला पाठवून द्या.

गेलो. बापूराव खाटेवर, पाय उशांवर.

"तू माझी नक्कल करतोस म्हनं."

"न्हाय बापू, आपलं जरा..."

"कर."

"आँ?"

"कर म्हनतोय न्हवं? दारापासनं खिडकीपर्यंत चाल."

चाललो. घाबरत घाबरत हात दाखवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं हसू फुटलं, मोठं, मोकळं, घर भरून. काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या. एवढ्या दिवसांत त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

बापूराव काही हसले नाहीत. म्हणाले, "बराय. तिला वळखाय आलं म्हंजे चालंल."

मग हळू आवाजात सांगितलं. हळू कशाला, ते त्यांनाच माहीत, काकूंना मोठा आवाजही ऐकू आला नसता. तापात कान गेले होते. कुणाला कळू द्यायचं नाही, ही काकूंची अट. लोक बहिरी म्हणण्यापेक्षा शिष्ट म्हणू देत.

"आधी आमी जुन्या पेठेत व्हतो," बापूराव म्हणाले, "तिथला टांगेवाला वळखायचा, लगाम वडायचा. आता या मोटारी. हॉर्न दिला की ह्यांचं काम झालं! ज्याला हॉर्नच ऐकू येत न्हाय त्यानं काय करायचं? म्हनून हात काढला. माझा हात दिसला की तिला कळतंय, कुठं वळायचं, कुठं थांबायचं."

मी म्हणालो, "माझी मामी नेईल की हात धरून."

"हात धरून न्यायला ती काय आंधळी हाय?" बापूराव उसळले. "शुक्रवारी अंबाबाईला जाती ती, आपल्या पायानं. एक शुक्रवार चुकला न्हाय आजवर. एकदा घरात बसली की बसलीच म्हन. माझा कोट घाल, टोपी घाल आन म्होरं चाल."

शुक्रवारी निघालो. कोट त्यांचा, मनगटं माझी बाहेर. कट्ट्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, "आली रं मोटार!" मी हसलो नाही. हात ताठ, पाय ओढत, गल्लीतनं डावीकडं, मग उजवीकडं. तिकटीला आलो. पंजा वर करून थांबलो, मग सरळ पुढं. पोलिसानं मला बघून कपाळाला हात लावला. पलीकडं पोचलो आणि मागं बघितलं.

काकू रस्त्याच्या मध्यावर. चपलेचा अंगठा तुटलेला, त्या वाकून चप्पल उचलत होत्या. आणि उसाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत उतारानं सरळ त्यांच्यावर. पोलिसाची शिट्टी, लोकांचा ओरडा, सगळं काकू सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी धावलो. ट्रकच्या पुढं जाऊन पंजा वर केला, बापूरावांच्याच पद्धतीनं. दुसरं काही येतच नव्हतं. ट्रक चर्रर्र करत माझ्या टोपीपाशी थांबला. ड्रायव्हरनं माझ्या सात पिढ्या काढल्या. काकूंनी मान वर केली, ट्रक बघितला, माझा हात बघितला. चप्पल हातात घेतली आणि शांतपणे माझ्या मागं उभ्या राहिल्या. आता निघा, म्हणून.

देवीचं दर्शन झालं, घरी आलो. काकूंनी हातवारे करून बापूरावांना सगळा ट्रक सांगितला, हसत हसत. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

"म्होरं गेलासच कसा?" बापूराव कडाडले. "जोडवी थांबली, कळलं न्हाय तुला?"

"कसली जोडवी?"

"अरं, तिच्या पायातली! ती माझा हात बघती आन मी तिची जोडवी ऐकतो. रस्त्यात मागं वळून बायकोकडं बघतोय काय कोण? जोडव्याचा आवाज थांबला की आपन थांबायचं. एवढं खोकतोस माझ्यागत, लंगडतोस माझ्यागत, आन ऐकायचं तेवढं शिकला न्हाईस व्हय रं गाढवा? नुसता हात दाखवून भागत असतं तर त्या पत्र्याच्या बोर्डालाच धाडला नसता का तिच्याबरोबर? काढ तो कोट! आन येत्या शुक्रवारी येताना कान धुऊन ये!"