भोपळ्याला नको म्हणायचं कुणी?

"ताई, जरा हळू बोला," मुकादम फोनवर कुजबुजला.

"अहो, मी अजून तोंडही उघडलेलं नाही!"

"बरं, बरं. या खेपेच्या सामानात भोपळा पाठवू नका. आणि मी सांगितलं हे कुणाला कळता कामा नये. आचारीमामाला तर मुळीच नाही."

ताईंनी फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासूनचा हा तिसरा. आधी वेल्डर, मग क्रेनवाला, आता खुद्द मुकादम. वर डोंगरावर विजेचे मनोरे उभारणारी ही टोळी पत्र्याच्या शेडमध्ये राहायची, आणि फोनला रेंज म्हणाल तर शेडमागच्या एका खडकावरच यायची. म्हणजे एकेक जण दुसऱ्याची नजर चुकवून खडकावर चढत होता, आणि भोपळ्याविरुद्ध चुगली करून साळसूदपणे खाली उतरत होता.

ताई पायथ्याच्या गोदामात बसत. टोळीचं पीठ, तेल, कांदे, गॅसच्या टाक्या, अगदी भांडी घासायच्या काथ्यापर्यंत सगळं त्या मागवायच्या आणि दर आठवड्याच्या ट्रकने वर धाडायच्या. त्या यादीत भोपळा मात्र कधीच नव्हता. तो ताईंच्या घरचा होता.

त्याचं असं झालं. सासूबाई गेल्या आणि ताईंचे सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत बसले ते बसलेच. ना पेपर, ना फिरायला जाणं, ना कुणाशी दोन शब्द. मग एके दिवशी त्यांना सासूबाईंच्या डब्यात भोपळ्याच्या बिया सापडल्या. त्यांनी त्या परसात टोचल्या. वेल जे सुटले ते कुंपणावर, शेजाऱ्यांच्या कुंपणावर, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर! इतके भोपळे करायचे काय? ताईंनी चार ट्रकमध्ये टाकले. वर आचाऱ्याने भाजी केली, मुकादम सभ्य माणूस, तो म्हणाला, "वा!" ताईंनी ते 'वा' घरी येऊन सांगितलं. त्या रात्री बाबांनी कितीतरी महिन्यांनी स्वतःहून भात मागून घेतला, आणि सकाळी ताई उठतात तो बाबा परसात, हातात खुरपं.

झालं! तेव्हापासून बाबांचे भोपळे आठवड्याला वर जाऊ लागले. घरी एखादा ठेवावा म्हटलं तर बाबा म्हणायचे, "नको, नको. पोरं उन्हातान्हात राबतात. त्यांना जाऊ दे."

आणि पोरं खात होती. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं सूप, भाजलेला भोपळा, उकडलेला भोपळा. आचाऱ्याला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणूस सोन्यासारखा, हाताला चव अशी की साधी डाळ बोटं चाटत खावी, पण राग नाकावर. मागे कुणीतरी जेवताना नुसतं मीठ मागितलं, तर हा वळकटी बांधून चालता झाला होता. तो परत येईपर्यंत मुकादमाने स्वयंपाक केला. त्या दिवसांविषयी टोळीत कुणी बोलत नाही.

ताईंना टोळीची दया आली. त्यांनी त्या खेपेचे भोपळे गोदामात पिठाच्या पोत्यांमागे लपवले आणि ट्रक तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याचा फोन. "ताई, कांदे आले, तेल आलं, भोपळा कापायला मागितलेला मोठा सुरा पण आला. भोपळा कुठाय?"

"अगंबाई, राहिला वाटतं."

"राहिला? अहो, इथं सगळ्यांचे चेहरे उतरलेत! मुकादम म्हणाला, मामा, भोपळ्याशिवाय घास उतरत नाही. वेल्डर तर ताट समोर घेऊन नुसता बसून होता."

ताईंच्या लक्षात आलं. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून प्रत्येक जण सुतक पाळत होता. "आता पुढच्या आठवड्यात बघू," त्या म्हणाल्या आणि विषय मिटला असं समजल्या.

आचारी कसला ऐकतोय! पोरं उपाशी राहतात म्हणून त्याच्या जिवाला घोर लागला. त्याने सरळ ताईंच्या घरी फोन लावला, आणि तो घेतला बाबांनी.

पुढच्या ट्रकच्या दिवशी ताई गोदामात पोचल्या तर बाबा आधीच हजर. इस्त्रीचा सदरा, शेजाऱ्यांची हातगाडी, गाडीत भोपळ्यांचा डोंगर.

"सूनबाई, मी स्वतः जातो वर. पोरांचे हाल झालेत म्हणे!"

"बाबा, अहो रस्ता खराब आहे..."

"असू दे." बाबा भोपळे ठेवायला जागा शोधत आत शिरले आणि पिठाच्या पोत्यांमागे थबकले. "हे तर मागच्या वेळचे! हे इथेच कसे?"

"ड्रायव्हर विसरला," ताई बोलून गेल्या. ड्रायव्हरने ताईंकडे जे बघितलं ते त्या जन्मात विसरणार नाहीत. बाबांनी त्याला वाटभर कामातल्या शिस्तीबद्दल सुनावलं. ताई मधे बसून फोन हातात धरून होत्या, पण खडकावर कुणी असेल तर ना फोन लागणार!

ट्रक शेडपाशी थांबला. जुने-नवे मिळून भोपळे उतरू लागले तशी एकेकाची मान खाली गेली. आचारी मात्र धावत आला, बाबांच्या पाया पडला आणि नवा सुरा घेऊन कामाला लागला.

पंगत बसली. मधोमध बाबा. सगळ्यांच्या ताटात वाढून झालं. मुकादमाने पहिला घास घेतला, गिळला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वा!"

"वा!" वेल्डर म्हणाला.

"वा!" क्रेनवाल्याचा आवाज जरा चिरकला.

बाबांनी समाधानाने सगळीकडे पाहिलं. मग स्वतः घास घेतला, हळूहळू चावला, आणि ताट अलगद पुढे सरकवलं.

"मला दुसरं काही असेल तर द्या हो. मला भोपळा नाही आवडत."

कुणी आचाऱ्याकडे बघेना. सगळे त्याच्या कोपऱ्यातल्या वळकटीकडे बघत होते.

"नाही आवडत?" ताईंच्या तोंडून निघालं. "बाबा, तुम्ही तर जन्मभर..."

"हिला आवडायचा ना," बाबा म्हणाले. "लग्नानंतर पहिल्यांदा तिने केला, मी म्हटलं छान झालाय. मग काय, म्हातारा होईस्तोवर खाल्ला. तिला कधी बोललो नाही. आता ती नाही, म्हणून म्हटलं, एकदा खरं बोलून टाकावं." ते थोडे थांबले. "बिया तिच्या होत्या. फेकवेनात."

तेवढ्यात आचाऱ्याने हातातला डाव खाली ठेवला. मुकादमाने डोळे मिटून घेतले.

"मलाही नाही आवडत," आचारी म्हणाला.

"काय?"

"ताईंच्या घरचा, त्यात मुकादम वा म्हणाला. नको कसं म्हणणार? मी आपला मागे बसून कांदा-पाव खातो."

"मी एकदाच म्हणालो होतो वा!" मुकादम ओरडला. "तेसुद्धा चांगुलपणाने!"

मग काय, बांध फुटला. वेल्डरने सांगितलं, क्रेनवाल्याने सांगितलं, ड्रायव्हरने आपण काहीही विसरलेलो नाही हे तीन-तीनदा सांगितलं. आचारी पोट धरधरून हसला. सगळे हसत होते, आणि ताईंचं लक्ष बाबांकडे गेलं.

बाबा हसत नव्हते. ताटातल्या भाजीकडे बघत म्हणाले, "म्हणजे कुणालाच नको होता. मग आता परसात करू काय मी?"

त्यांचा आवाज परत तोच, खुर्चीतला झाला होता. हसणं एकदम बंद पडलं.

"बाबा, तसं नाही," मुकादम सरसावला. "भोपळा सोडा, दुसरं लावा की! तुम्ही लावाल ते खाऊ. काय रे?"

"काहीही लावा, बाबा!" वेल्डर म्हणाला.

"तुमच्या हातचं पान न् पान संपवू," आचारी म्हणाला.

"खरंच?" बाबांनी मान वर केली. चेहरा असा उजळला की बघत राहावं. "मग कारली लावतो! कारली म्हणजे माझा जीव. हिला अजिबात खपायची नाहीत, म्हणून घरात कधी आली नाहीत. वेल काय धरतो सांगू, भोपळ्याच्या दुप्पट!"

मुकादमाने वेल्डरकडे पाहिलं, वेल्डरने आचाऱ्याकडे. आणि मग सगळ्यांनी मिळून ताईंकडे पाहिलं. डोळ्यांनीच हात जोडले होते सगळ्यांनी. ताई, आता तरी बोला. तुमचे सासरे आहेत, तुम्हीच बोलू शकता.

ताईंनी बाबांकडे पाहिलं. ते बोटांनी हवेत मांडवाची मापं घेत होते.

"वा!" ताई म्हणाल्या.