वामनभाऊंचा लाल खडू

वामनभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, लाल खडू असतो. उभी हयात त्यांनी गडचिरोलीच्या जंगलात, वनखात्याच्या लाकूड डेपोत काढली. लिलावाआधी सागाचा प्रत्येक ओंडका ठोकून पाहायचा आणि त्याच्या तोंडावर दोष लिहायचा, हे त्यांचं काम. पोकळ. गाठ. तडा.

"एकाही गिऱ्हाइकानं माल वापस नाई आणला, बाई," हे ते मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतात.

निवृत्तीनंतर डेपो सुटला, खडू सुटला नाही. आम्ही सावली गावात शेजारी राहतो, मधे कमरेएवढी कंपाऊंडची भिंत. माझ्या पुतणीच्या लग्नात भाऊंनी मांडवाच्या एका खांबावर 'तडा' असं लिहून ठेवलं. नवऱ्याकडची माणसं चिडली. संध्याकाळी मांडव त्याच खांबापासून कलला, तेव्हा भाऊ जिलेबी खात होते. "लिवलं होतं," एवढंच म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. तेव्हापासून संध्याकाळी मी भिंतीवरून एक वाटी भाजी देते. फार काही नाही. दोघांची भाजी केली की तिघांची होतेच. वाटी घासून परत येते, शेऱ्यासकट. "मीठ कमी हाय." "वांगं जून हाय." तीन वर्षांत बिनशेऱ्याची वाटी आलेली नाही.

या उन्हाळ्यात भाऊ विहिरीजवळ घसरले आणि मनगट मोडून घेतलं. पुण्याहून त्यांची मुलगी सुजाता आली. आता बाबांनी माझ्याकडेच राहायचं, म्हणाली. भाऊ कबूल झाले, पण एका अटीवर. घराला कुलूप लावून जाणार नाहीत. "बंद घराले वाळवी खाते. राहणारं माणूस भेटू दे, मंग येतो." जाताना सुजाता माझे हात धरून म्हणाली, "मावशी, घर तुम्हीच विकून द्या. बाबा पुन्हा पडले तर?"

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. साहेब तपासणीला येणार म्हटलं की पडकी अंगणवाडी एका दिवसात कशी उभी करायची, ते मला कळतं. दोन दिवस रजा टाकली. रद्दी काढली, चुना मारला, पडदे बदलले, दारात झेंडूच्या कुंड्या मांडल्या. पूर्वेच्या भिंतीला ओल होती, तिच्यापुढे कपाट सरकवलं. घर असं दिसायला लागलं की मलाच घ्यावंसं वाटलं.

सकाळी एक राइस मिलवाले घर पाहायला आले. मी त्यांना घेऊन आत गेले आणि थबकले. पांढऱ्या शुभ्र भिंतीवर लाल अक्षरं: 'ओल. जून ते सप्टेंबर. कपाट हलवून पाहा.' शेजारी बाणही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर: 'बोलते.' छताखाली: 'उन्हाळ्यात माकडं. तीन. एक लंगडं.'

मिलवाले हसण्यावारी नेत न्हाणीघर पाहायला शिरले, सवयीनं कडी लावली. न्हाणीघराचा शेरा भाऊंनी दाराच्या आतल्या बाजूला लिहिला होता: 'कडी लागते, उघडत नाही.' त्यांना बाहेर काढायला सुतार बोलवावा लागला. चहासुद्धा न घेता गेले.

मी भडकले. "काऊन जी भाऊ? तुमाले जाचंच नाई, म्हणून हे सारं करून राह्यले ना?"

"जातो म्हटलं ना, बाई."

"मंग हे कपाट हलवाचं कोणं सांगितलं गिऱ्हाइकाले?"

भाऊ खडू बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी गेल्यावर पह्यल्याच पावसात ओल दिसन त्याले. मंग तो या घराले शिव्या देईन. माह्या माघारी या घराले कोणी शिव्या देऊ नये."

तरी मी भिंती पुसून घेतल्या. भाऊंनी त्याला हरकत घेतली नाही. रात्रीतून त्यांनी सगळे दोष फुलस्केप कागदांवर उतरवले, लिलावासारखे लॉट नंबर घालून. चार पानं.

पुढच्या रविवारी एक जोडपं आलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स, तो शाळेत शिक्षक. तिनं उभ्याउभ्या चारही पानं वाचली आणि हसत सुटली. "इतकं खरं तं आमच्या लग्नाच्या बोलणीत बी कोणी नव्हतं सांगितलं!" तो तिसऱ्या पायरीवर जाऊन उभा राहिला. पायरी बोलली. तो खूश झाला. विहिरीवर दोघांनी पाणी पिऊन पाहिलं. कागदात होतं, 'पाणी गोड. मे महिन्यात रुसते.' तासाभरात सौदा ठरला. मी सुजाताला फोन केला, तर ती फोनवरच रडली.

जायच्या आधी ती नर्स कंपाऊंडच्या भिंतीशी आली. "ताई, शेवटचा लॉट तुमचा आहे जी." तिनं चौथं पान पुढे केलं. अक्षर मोडक्या मनगटाचं, तिरपं.

'लॉट २७. शेजार. भिंतीपलीकडच्या बाई. साल खडबडीत. आवाज मोठा. गाभा भरीव, कुठेही तडा नाही. रोज भाजी देतात, नावं ठेवली तरी देतात. हा लॉट जागेवरून हलवता येत नाही. आला असता तर नेला असता.'

मी कागद तिला परत दिला आणि गॅसवर भाजी आहे म्हणून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं. मग केली. आयुष्यात पहिल्यांदा मीठ चमच्यानं मोजून घातलं, दोनदा चाखून पाहिलं.

सातच्या सुमाराला वाटी भिंतीवर परत आली, घासलेली.

"कमीच हाय," भाऊ म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "उद्या पाहा."